टर्नटेबलची अर्थ वायर स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरला लावायची की अँपला? (डेनॉन डीएल-१०३ कार्ट्रिज म्हणजे सुईचं युनिट, राहायला ठाण्यात, हम म्हणजे घूं-घूं आवाज फार येतोय)

ट्रान्सफॉर्मरला (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या डब्याला) लावा, आणि त्याच अर्थ स्क्रूवरून दुसरी वायर अँपच्या ‘जीएनडी’ (ग्राउंड, म्हणजे अर्थ) टर्मिनलला न्या. नौपाड्यात अँप दुरुस्तीचं काम करतो. हमची तक्रार घेऊन आलेल्या सेटमध्ये बहुतेक वेळा ही दुसरी वायरच राहिलेली असते. ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट अँपच्या एमएम फोनो (टर्नटेबलसाठीच्या) इनपुटला लावा, बारीक सिग्नलसाठीच्या एमसीला नाही; सिग्नल आधीच वाढलेला असतो. ट्रान्सफॉर्मरचा रेशो (व्होल्टेज किती पट वाढतं) १:१० घ्या: डीएल-१०३ चे ०.३ मिलिव्होल्ट ३ च्या आसपास जातात, आणि ४७ किलोओहमचं इनपुट कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतं (४७,००० भागिले १० चा वर्ग). कार्ट्रिज स्वतः ४० ओहमचं, ४७० त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे मजेत चालतं. १:२० ला हे ४७० ओहम ११७ वर येतात. चालतं, पण मला आवाज दबल्यासारखा वाटतो. ट्रान्सफॉर्मरचा डबा अँपच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब ठेवा, जरा फिरवूनही बघा. आणि त्याचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) मल्टिमीटरने तपासायच्या फंदात पडू नका, मीटरच्या डीसीने कोअर (ट्रान्सफॉर्मरचा धातूचा गाभा) मॅग्नेटाइज होऊ शकतो. मात्र काही डब्यांत आरसीए सॉकेटचा (सिग्नलची केबल लागते तो) मायनस आतूनच बॉडीला जोडलेला असतो. तिथे दुसऱ्या वायरने हम उलट वाढला तर ती काढून टाका.