वाचकांचे प्रश्न : माल इंदूरचा, गिऱ्हाईक अमेरिकेतलं, कायदा कुठला?

प्रश्न : आम्ही इंदूरहून अमेरिकेतल्या घरांना शेव, चिवडा आणि मसाले ऑनलाईन विकतो. सगळ्या राज्यांची मिळून दीड लाख गिऱ्हाइकं नोंदीत आहेत. ‘एक लाखाच्या वर गेलात की ग्राहकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू’ असं ऐकलं. मग आम्हांला लागू झालाच ना? — विजय नगर

उत्तर : एकूण आकड्यावरून काहीच ठरत नाही. अमेरिकेत या विषयावर सगळ्या देशाला लागू असा एक कायदा नाही, त्यामुळे डोकी राज्यागणिक मोजायची. ऑर्डरची यादी पत्त्यातल्या राज्यानुसार लावा आणि प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा काढा. व्हर्जिनियात मर्यादा १ लाख रहिवाशांची आहे. निम्म्याहून जास्त उत्पन्न माहिती विकून येत असेल, तर २५ हजारांची. डेलावेअर आणि मेरीलँडमध्ये ३५ हजार पुरतात. युटात आधी वर्षाला अडीच कोटी डॉलरची उलाढाल लागते, डोकी त्यानंतर.

खरी मेख टेक्सासची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यात आकडाच नाही. अमेरिकी सरकारच्या व्याख्येनुसार तुम्ही ‘छोटा व्यवसाय’ असाल तर बहुतेक कलमांतून सुटका होते. पण संवेदनशील माहिती (आरोग्य, धर्म अशी) विकायची तर गिऱ्हाइकाची संमती छोट्यालाही घ्यावीच लागते. नेब्रास्काचं बरंचसं असंच आहे.

शिवाय मोजताना फक्त खरेदीदार धरू नका. वेबसाईटवर जाहिरातीचा पिक्सेल (कोण काय पाहतं ते जाहिरात कंपनीला कळवणारा छोटा कोड) असेल, तर काहीही न घेता नुसतं पाहून गेलेला माणूसही हिशेबात येऊ शकतो. उलट कनेक्टिकटसारख्या काही राज्यांत निव्वळ पैसे भरून घेण्यापुरती वापरलेली माहिती मोजणीतून वगळतात.

प्रश्न : आम्ही माहिती कुणालाच विकत नाही. तरी ‘माझी माहिती विकू नका’ ही लिंक ठेवायची का? — सुदामा नगर

उत्तर : पैसे घेतले नाहीत म्हणजे विक्री नाही, हे व्हर्जिनिया आणि युटात चालतं. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि टेक्सासमध्ये पैशांऐवजी दुसरा कुठलाही मोबदला मिळाला तरी विक्रीच. पिक्सेलमधून माहिती जाहिरात कंपनीला गेली आणि बदल्यात तुम्हांला आकडेवारी किंवा नेमक्या जाहिराती मिळाल्या, तर तुम्ही विक्रेते ठरू शकता. सेफोरा या कंपनीला २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात याच कारणावरून १२ लाख डॉलर भरावे लागले. ग्राहकाच्या ब्राउझरने पाठवलेला नकाराचा इशारा तिने मानला नव्हता, हाही त्यात ठपका होता.

हा इशारा म्हणजे ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, कनेक्टिकट, टेक्सास ही राज्यं तो मानायला लावतात. व्हर्जिनिया आणि युटा नाही. तपासणीला पाच मिनिटं पुरतात. ब्रेव्ह ब्राउझर हा इशारा आपोआप पाठवतो. त्यात आपली साईट उघडा, एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब पाहा आणि जाहिरात कंपनीच्या नावाने विनंत्या जातात का ते बघा. ब्रेव्ह बरेच ट्रॅकर स्वतःच अडवतो, म्हणून त्याची ढाल (अडवण्याची ‘शील्ड्स’ ही सोय) आधी बंद करा, नाहीतर सगळं आलबेल दिसेल. नेहमीची चूक अशी : कुकीची परवानगी विचारणारी पट्टी एका डेव्हलपरने लावलेली, पिक्सेल टॅग मॅनेजरमध्ये (साईटवरचे असे कोड एकत्र चालवणाऱ्या साधनात) दुसऱ्याने टाकलेला, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध जोडलेलाच नाही. पट्टीवर ‘नकार’ दाबला तरी पिक्सेल चालूच.

प्रश्न : ‘माझी माहिती काढून टाका’ अशी मेल आली. किती दिवसांत उत्तर द्यायचं? — राजेंद्र नगर

उत्तर : बहुतेक राज्यांत ४५ दिवस, सबळ कारण कळवलं तर आणखी ४५. आयोवात सुरुवातीलाच ९० मिळतात. कॅलिफोर्नियात मात्र विनंती पोचल्याचं १० कामकाजी दिवसांत कळवायचं. ‘विकू नका’ ही मागणी वेगळी : ती तिथे १५ कामकाजी दिवसांत अमलात आणायची आणि त्यासाठी ओळखपत्र मागायचं नाही. २०२५ मध्ये होंडाच्या अमेरिकी कंपनीला ६,३२,५०० डॉलरचा दंड झाला, त्यात नको तितकी माहिती मागणं हे एक कारण होतं.

व्हर्जिनियात नकार दिलात तर अपिलाची सोय ठेवावी लागते आणि अपिलावर ६० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. युटात अपील नाही.

एक राहून जातं. मुख्य डेटाबेसमधून नाव जातं, पण कुरिअरला पाठवलेल्या एक्सेलमध्ये आणि मेल पाठवणाऱ्या सेवेत तसंच राहतं. महिनाभराने त्याच माणसाला दिवाळी फराळाची ऑफर जाते आणि तक्रार तिथूनच सुरू होते.

प्रश्न : आम्ही अमेरिकी कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेतो. जबाबदारी कुणाची? — पलासिया

उत्तर : ग्राहकाला उत्तर देण्याची त्या कंपनीची. तुमची जबाबदारी करारातून येते. माहिती कशासाठी आणि किती काळ वापरायची, कर्मचाऱ्यांनी गुप्तता पाळायची, काम पुढे दुसऱ्याला दिलंत तर त्याच अटी त्याच्यावर घालायच्या, काम संपल्यावर माहिती परत द्यायची किंवा पुसायची, हे सगळं करारात असायलाच हवं. कॅलिफोर्नियासाठी आणखी एक : अटी पाळणं जमणार नाही असं ठरलं, की ५ कामकाजी दिवसांत कंपनीला कळवायचं. फोनवर कुणी ‘पुसा’ म्हणालं, तर आपल्या मनाने पुसू नका. तारीख आणि वेळ लिहून त्याच दिवशी कंपनीकडे पाठवा.