ग्लायकोसाइड म्हणजे साखर का?

परभणीहून प्रश्न आलाय : नेच्यातल्या (म्हणजे फर्नमधल्या) ‘टॅक्विलोसाइड’ या ग्लायकोसाइडबद्दल ‘नेच्यात सापडणारी नैसर्गिक साखर’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ग्लायकोसाइडला मराठी शब्द काय?

साखर अजिबात नको. टॅक्विलोसाइडात ग्लुकोज आहे खरं, पण शरबतात विरघळल्यासारखं नव्हे. पाण्याचा एक रेणू बाहेर पडून ते दुसऱ्या रेणूला पक्कं जोडलं गेलंय. म्हणून ‘मिश्रण’ही चूक, ‘संयुग’च हवं. ‘शर्करायुक्त’ ढिसाळ वाटतो. शर्करायुक्त तर पेढाही असतो. ‘शर्कराबद्ध संयुग’ नेमका. तो एकदा सांगावा, पुढं सरळ ग्लायकोसाइड लिहावं.

मराठवाड्यात ज्वारीवरून हे चटकन कळतं. कोवळी किंवा पाण्याच्या ताणानं खुरटलेली ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती धुरिन नावाच्या ग्लायकोसाइडामुळं. पान चावलं की पेशी फुटतात, विकर (एन्झाइम) ग्लुकोज तोडतं आणि उरलेल्या भागातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. ग्लुकोज जोडलेलं असतं तोवर विष झाकलेलं. (‘धुरिन’ हे नावही ज्वारीच्या अरबी नावावरूनच पडलंय.) ब्रॅकन नावाच्या नेच्यात धुरिनचं भावंड, प्रुनासिन, असतं, त्यात ऑक्सिजनचा एक अणू कमी.

त्याच ब्रॅकनमधलं टॅक्विलोसाइड मात्र सायनाइड देत नाही. ते 1983 साली वेगळं काढलं गेलं, सूत्र C₂₀H₃₀O₈. सौम्य अल्कलीत ग्लुकोज गळतं आणि उरलेला भाग डीएनएला चिकटतो. ब्रॅकन चरणाऱ्या गुरांच्या मूत्राशयात गाठी होतात त्या यामुळं.

लिहिताना ‘प्टाक्विलोसाइड’ करू नये. ‘टेरिडोफायटा’ या नेचेवर्गाच्या नावात आपण सुरुवातीचा प सोडतो, तसाच इथंही सोडावा. नाव टेरिडियम अक्विलिनम या ब्रॅकनच्या शास्त्रीय नावावरून आलंय. मुळातला ग्रीक ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख, आणि पंख व पान असे दोन्ही अर्थ असलेला आपला ‘पत्र’ त्याचा दूरचा नातलग.

शर्करा ग्लुकोजच असेल तर ‘ग्लुकोसाइड’ही बरोबर, कोणतीही शर्करा चालणारा व्यापक शब्द ग्लायकोसाइड.

एकवचन नेचा, अनेकवचन नेचे, म्हणून ‘नेचेमध्ये’ नव्हे, ‘नेच्यामध्ये’. हुक्क्याच्या नळीचा ‘नैचा’ वेगळा. शिवाय ‘ब्रॅकन’ हा शब्द गाळू नका, नाहीतर आडाच्या ओल्या दगडांत उगवणाऱ्या हंसराजावर उगाच आळ यायचा. गोड ग्लायकोसाइडच हवं असेल तर पॉलिपोडियम नेच्यातलं ऑस्लाडिन आहे, साखरेच्या शेकडो पट गोड. पण तीही साखर नव्हे.