ट्रेकनंतर पाय आंबतात, त्यावर करंटचं मशीन घ्यावं का?

हरिहर गड उतरून आल्यावर दोन-तीन दिवस मांड्या आंबतात, पॅड चिकटवायचं मशीन घेतलं तर स्नायू लवकर सावरतील का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्येच फिजिओथेरपी करते. पावसाळ्यात दर सोमवारी ब्रह्मगिरी नाहीतर अंजनेरी उतरून आलेली मंडळी हाच प्रश्न घेऊन येतात. दुखणं थोडा वेळ कमी होईल, पण स्नायू लवकर सावरेल असं समजून पैसे घालू नका.

आधी एक गैरसमज काढून टाका. हे दुखणं श्रमाच्या वेळी स्नायूत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडमुळे नव्हे, ते साधारण तासाभरात ओसरतं. उतरताना मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून दुखणं लगेच नाही, 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं.

पॅडची ही मशीन दोन प्रकारची असतात: दुखणं कमी करणारं टेन्स आणि स्नायू आवळायला लावणारं ईएमएस. टेन्सच्या मशीनने नुसत्या मुंग्या येतात. दुखरी जागा चोळली की बरं वाटतं ना, तसंच काहीसं हे काम करतं. ईएमएसने मात्र स्नायू खरोखर आवळतो. गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर पेशंट दात-ओठ खाऊन जोर लावतो, तरी मांडी हलत नाही. तेव्हा पॅड लावून करंट हळूहळू वाढवला की स्नायू आधी फडफडतो, मग घट्ट होतो आणि गुडघ्याची वाटी वर सरकते. पेशंटचा चेहरा बघण्यासारखा असतो! तिथे हे मशीन मोलाचं आहे. तुमची मांडी मात्र आपणहून काम करतेय. वीस मिनिटं रमतगमत चाललात तरी तेवढंच होईल, शिवाय फुकट.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. गोल्फ क्लब मैदानावर धावणारा एक मुलगा मशीन लावून दुखणं थांबलं म्हणून दुसऱ्याच दिवशी जोरात धावला आणि पोटरी धरून माझ्याकडे आला. दुखणं गप्प झालं होतं, स्नायू तसाच होता.

घरात मशीन असेलच तर लावा, पण पेसमेकर, फिट्सचा त्रास किंवा पायात रक्ताची गाठ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणातही तेच. मानेच्या पुढच्या बाजूला आणि छातीवर पॅड लावूच नयेत. वाळलेला पॅड फेकून द्या, त्याने कातडी भाजते. आणि खूप श्रमांनंतर किंवा ईएमएसनंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पुढच्या ट्रेकआधी तीन-चार आठवडे पांडवलेण्याच्या पायऱ्या आठवड्यातून दोनदा चढा, आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरा. पहिल्यांदा पाय आंबतील, दुसऱ्या वेळी बरेच कमी.