सिस्टरांची ट्रंक उघडण्याआधी

अगं, मठातल्या सिस्टरांचे कागद लावायला घेते आहेस, तर पहिल्याच दिवशी त्यांची ट्रंक पालथी घालू नकोस. कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेव. कोणतं पत्र कुठल्या प्रार्थनापुस्तकात दडलं होतं, ही निम्मी हकिगत असते. गंजलेल्या टाचण्या हळूच काढ, नंबर शिसपेन्सिलीनेच टाक. सेलोटेपला हात लावू नकोस. मी लावली होती एकदा. आपल्या जालन्याचे दोन उन्हाळे गेले आणि ती पिवळी पडून शाईसकट निघाली.

सामान थोडंच निघेल. गरिबीचं व्रत घेतलेल्या बाईकडे असणार काय? घोळ असतो तो नावांचा. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं, मठातलं वेगळं, त्यात कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) अनेकींनी जुनं नाव परत घेतलं. एकाच बाईच्या दोन करून बसशील! दोन्ही नावं, पहिल्या (ठराविक काळाच्या) आणि अखेरच्या (जन्मभराच्या) व्रतांच्या तारखा आधी एका कागदावर मांड.

१९४८च्या आधीचे सरकारी कागद उर्दूत असू शकतात. निजामाचा मुलूख होता हा. वाचणारे म्हातारे मास्तर आत्ताच गाठ. औरंगाबाद धर्मप्रांत, म्हणजे तिथल्या बिशपच्या हाताखालचा भाग, १९७७चा, त्याआधी हा भाग अमरावतीकडे होता.

रिट्रीटची, म्हणजे एकांतातल्या प्रार्थनेच्या दिवसांची, वही मात्र मठाच्या प्रमुख मदर सुपिरियरना विचारल्याशिवाय उघडायची नाही. ती देवाशी बोललेली वही आहे.

शाळेचे हजेरीपट फालतू समजू नकोस. माझ्या हाती आलेल्या एकात दिवाळीनंतर सलग सात मुली गैरहजर, आणि समासात बारीक अक्षरात एवढंच: ‘कापूस वेचणी. संध्याकाळी घरी जाऊन शिकवले.’