वाढत्या अंगाचे कपडे आणि सोमवारची सुट्टी

जुनी सलून आणि शिंप्यांची दुकाने या विषयावर वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. पत्रे पुष्कळ आली. त्यांतली बरीचशी प्रश्न नसून आठवणीच होत्या आणि त्या वाचण्यात आमचा वेळ छान गेला, हेही सांगायला हवे. ज्यांत खरोखर काही विचारले आहे, अशी चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही चार भावंडे. दिवाळीला वडील एकाच ताग्यातून सगळ्यांचे कापड फाडून आणत आणि आम्ही बँडपथकातल्या पोरांसारखे दिसत असू. शिवाय शिंप्याला दरवेळी ‘वाढत्या अंगाचे शिवा’ असे बजावले जाई. हा नुसता काटकसरीचा हट्ट होता, की त्यात शिवणकामाचे काही गणितही होते? — एक वाचक, मिरज

उत्तर : काटकसर होतीच, परंतु ती कापडावर उतरवण्याचे गणित शिंप्याकडे असे आणि ते बरेच बारीक होते. त्या काळी सदऱ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा 36 इंचांचा असे. एवढ्या अरुंद कापडातून मोठ्या मुलाची पाठ, दोन्ही पुढे आणि बाह्या बेतल्या की मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या जागेच्या, आणि गळ्याच्या गोलाईजवळ वेडेवाकडे तुकडे उरतात. एकाच सदऱ्यासाठी कापड आणले असेल तर हे तुकडे चिंध्यांत जातात. चौघांचे कापड एकत्र असेल तर धाकट्याची कॉलर, खिसा आणि गळपट्टी त्यांतूनच निघते. जाणता कटिंग मास्टर कापड टेबलावर पसरून, खडूने आधी चारही सदरे आखून घेई आणि मगच कात्रीला हात घाली. आपल्या वडिलांनी एका ताग्यातून कापड घेतल्यामुळे अर्धा-पाऊण वार तरी वाचत असणार, आणि तेवढ्यात घरातल्या एखाद्या पोरीचे पोलके होऊन जाई.

‘वाढत्या अंगाचे’ म्हणजे निव्वळ ढगळ नव्हे, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. छाती आणि घेर सैल ठेवणे हा त्यातला सोपा भाग होता, कारण खांदा उतरला तरी सदरा चालून जातो. खरे कौशल्य आत दडवलेल्या कापडात असे. अर्ध्या चड्डीच्या पायाला दोन-अडीच इंचांची दुमड घातली जाई, मागच्या शिवणीत आसनापासून कंबरेपर्यंत भरपूर माया, म्हणजे शिवणीआतले जादा कापड, सोडली जाई आणि बाहीच्या टोकालाही कापड आत वळवून ठेवले जाई. वर्षभराने दुमड उसवून पाय लांब केला की खाकीच्या विटक्या रंगाखाली मूळच्या गडद रंगाचा पट्टा उघडा पडे आणि त्याच्या वर थोड्या अंतरावर जुन्या टिपेची भोके ओळीने दिसत. वर्गात कोणाची चड्डी किती वर्षांची आहे, हे त्या पट्ट्यांवरून सांगता येत असे, आणि आमच्याही चड्डीला दोन पट्टे होते. सदऱ्याची कॉलर मानेपाशी झिजली म्हणजे ती उसवून, उलटवून पुन्हा बसवून देणे हे शिंप्याचे नेहमीचे काम होते. नव्या सदऱ्यापेक्षा अशीच कामे वर्षभर त्याच्या दुकानात अधिक येत.

यात आणखी एक कारण आहे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, कारण मागावर विणताना सूत ताणलेले असते आणि पाण्यात तो ताण सुटतो. हे आटणे लांबीत अधिक असते. म्हणून मांजरपाट किंवा खाकी ड्रिल आणल्यावर रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिवायला टाकावे, असा घरोघरी शिरस्ता होता. ज्यांना तेवढी सवड नसे, त्यांच्या पोरांची चड्डी दिवाळी संपते न संपते तोच मांडीवर चढलेली असे. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलिन आणि टेरिकॉट हे कृत्रिम धाग्याचे कापड आले. ते आटत नसे, विटत नसे आणि झिजायलाही फार वेळ घेई. दोन पट्ट्यांच्या चड्ड्या दिसेनाशा झाल्या त्या पुष्कळशा त्यामुळे.

दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत कपडे न मिळण्याची तक्रार इतर कितीतरी पत्रांत आहे. ‘काज-बटण राहिले आहे, उद्या या’ हे उत्तर सगळ्यांनीच ऐकले आहे. ती सबब पुष्कळदा खरी असे. कापड बेतणारा एक, नगावर मजुरी घेऊन मशीन चालवणारे कारागीर दुसरे, आणि काजे, बटणे, तुरपाई हे हातकाम बहुतेक वेळा वस्तीतल्या एखाद्या बाईकडे गठ्ठ्याने जाई. पाच दुकानांचे गठ्ठे एकाच घरी पोहोचले, की तिच्या दोन हातांपुढे दुकानदाराचा वायदा टिकत नसे. अर्थात, कापड न कापताच ‘काजाला गेलेय’ असे सांगणारेही होते.

प्रश्न : माझे वडील सांगत, की त्यांच्या लहानपणी गावचा न्हावी आमच्या वस्तीत येत नसे, वस्तीतलेच कोणीतरी कात्रीने केस कापी. तालुक्याच्या गावी सलूनमध्ये मात्र त्यांना खुर्ची मिळाली. गावच्या न्हाव्याच्या आठवणी मासिकांतून नेहमी गोडच का छापल्या जातात? — एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. अंगणात पोत्यावर बसून, गुडघ्यांत मान धरून झालेल्या हजामतीच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण ज्यांच्या अंगणात न्हावी येत असे अशा घरांतले आहेत. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. सुगीला खळ्यावर जाऊन घरटी ठरलेले धान्य घ्यायचे आणि त्या बदल्यात वर्षभर त्या घरच्या पुरुषांची हजामत, मुलांचे जावळ, लग्नकार्यातली कामे करायची, अशी ती व्यवस्था होती. गावकुसाबाहेरच्या माणसाचे केस कापले, तर उरलेल्या घरांचे बलुते बंद होण्याची धास्ती त्याला असे, आणि तो स्वतः गावच्या उतरंडीत फार वर होता असेही नाही. तरीही ज्याला नाकारले गेले, त्याच्या दृष्टीने या कारणाने काही फरक पडत नाही.

शहरातल्या सलूनमध्ये रोख पैसे आणि अनोळखी गिऱ्हाईक यांमुळे हे बंधन सैल झाले, पण ते आपोआप सुटले नाही. संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 रोजी दुकानांत सर्वांना प्रवेश देणाऱ्या कलमावर चर्चा चालू असताना ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला होता. जो कोणी आपली सेवा देऊ करतो तो यात येतो आणि येथे नुसता प्रवेश नव्हे तर सेवा मिळणे अभिप्रेत आहे, असा खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. तेच आजचे कलम 15(2). पुढे 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने सेवा नाकारणे शिक्षापात्र ठरले. आपल्या वडिलांना मिळालेल्या खुर्चीमागे एवढे सगळे होते. कायद्यानंतरही कितीतरी गावांत ती खुर्ची मिळायला आणखी पुष्कळ वर्षे लागली.

आपल्या वडिलांची आठवण सविस्तर लिहून पाठवावी. ती येथे अवश्य छापू.

प्रश्न : सलून सोमवारीच बंद का असतात? शंकराचा वार म्हणून का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : श्रद्धेचा भाग असेलही, परंतु सक्ती कायद्याची होती. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, 1948 अन्वये दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे बंधनकारक होते आणि तो दिवस वर्षारंभीच ठरवून कळवावा लागे. रविवार हा नोकरदारांच्या हजामतीचा दिवस, म्हणजे धंद्याचा मुख्य दिवस. तेव्हा दिवसभर उभे राहून आखडलेल्या पायांना दुसऱ्या दिवशी विश्रांती, हा हिशेब सरळ होता. 2017 च्या नव्या कायद्याने सातही दिवस दुकान उघडे ठेवायला मुभा दिली आहे, तरी अनेक गावांत सोमवार अजून पाळला जातो.

प्रश्न : आजोबांच्या हजामतीच्या धोकटीत एक जुना वस्तरा, नखे काढायची नराणी, तुरटीचा खडा आणि चामड्याचा पट्टा सापडला. चामड्यावर लोखंडाला धार कशी लागत असे? त्या वस्तऱ्याने आज दाढी करता येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : धार चामड्यावर लागत नसे. ती दगडावर, पाणी किंवा तेल घालून लावली जाई. दाढी करताना पात्याची अत्यंत पातळ कड सूक्ष्म प्रमाणात वळते आणि चामड्यावर घासल्याने ती पुन्हा सरळ होते, एवढेच पट्ट्याचे काम. म्हणून दगडावर वस्तरा धार पुढे करून चालवतात आणि पट्ट्यावर पाठ पुढे करून ओढतात; उलट केले तर चामडे कापले जाते. टोकाशी वस्तरा पाठीवर फिरवून परत आणताना होणारा तो चट-चट आवाज आपल्या आजोबांच्या गिऱ्हाइकांना चांगलाच ओळखीचा असणार. तुरटीने कातडी आकसते आणि बारीक जखमेतले रक्त थांबते. तो खडा अजूनही तितकाच उपयोगी आहे.

अखंड पात्याचा वस्तरा दुकानांतून गेला तो मुख्यतः रोगाच्या भीतीने. भारतात एचआयव्हीची लागण 1986 मध्ये प्रथम आढळली. पुढच्या काही वर्षांत जनजागृती झाली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते, म्हणजे मधोमध मोडलेल्या ब्लेडचे अर्धे, लावण्याची पद्धत रूढ झाली. ती योग्यच होती, कारण रक्तातून पसरणारी कावीळही वस्तऱ्यावरून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. आपण एकट्याने वापरणार असाल, तर ही अडचण येत नाही. मात्र धारेवर गंजाचे खड्डे पडले असतील, तर तो वस्तरा दाढीच्या कामाचा राहिलेला नाही. नुसता वरवरचा गंज असेल, तर जाणकाराकडून दगडावर धार लावून घ्यावी, वापरल्यावर पाते कोरडे पुसून तेलाचा हलका हात फिरवावा आणि पट्टा तडकलेला असल्यास नवा घ्यावा. पहिल्या खेपेस गालापुरतेच थांबावे. हनुवटीला नंतर हात घालावा.