ठेला साडेदहाला उठतो

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. त्यातलं एक वाक्य मनात रुतून बसलं : "मावशी, दोन महिने झाले नागपुरात येऊन, पण अजून मी जेवलेच नाही." बेलतरोडीची खोली, विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रातली नोकरी, दुपारी कॅन्टीनचा तोच पिवळा रस्सा आणि रात्री मोबाइलवरून मागवलेलं पनीर. सांगलीकडच्या पोरीनं भाकरीशिवाय दोन महिने काढले म्हणजे फार झाले. मेसेजमध्ये हे मावेना, म्हणून पत्र लिहायला बसले.

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा तुझ्याच वयाची होते. खोली अशीच शहराच्या टोकाला. संध्याकाळी कामावरून परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, आणि पोटात आग. कुठं काय मिळतं हे सांगणारं कुणी नव्हतं. शिकायला मला दोन वर्षं लागली. तुझी दोन वर्षं वाचावीत एवढीच इच्छा आहे.

आधी एक समजून घे. बेसा, बेलतरोडी, शंकरपूर हा सगळा भाग परवापरवापर्यंत शेतांचा. ले-आऊट पडले, फ्लॅट उभे राहिले, माणसं राहायला आली, पण खाणं माणसांच्या मागून येतं, सावकाश. आधी येतात भाड्याचे गाळे. गाळ्याचं भाडं भारी असतं, म्हणून तिथं जे कुणालाही खपतं ते विकतात : नूडल्स, पनीर, पिझ्झा. जिच्या हाताला चव आहे ती बाई गाळा घेत नाही. ती घराच्या पोर्चमध्ये टेबल मांडते, नाहीतर नवऱ्याबरोबर चौकात ठेला लावते, दोन-तीन तास विकते आणि घरी जाते. तिच्या डोक्यावर पाटी नसते. मोबाइलच्या नकाशावर ती नसते. तू रात्री नऊला शोधतेस आणि ती सकाळी साडेदहाला उठून गेलेली असते. तुझी चूक जागेची नाही, वेळेची आहे.

म्हणून सकाळपासून सुरुवात कर. या शनिवारी सात वाजता बाहेर पड आणि चालत फिर. जिथं बांधकामाचे मिस्त्री, ऑटोवाले, दूधवाले आणि शाळेच्या बसचे ड्रायव्हर एकाच ठेल्याभोवती उभे दिसतील, तिथं थांब. ते रोज खाणारे लोक आहेत. त्यांना एक दिवस शिळं मिळालं तर दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या चौकात जातात.

तिथं तुला तर्री-पोहे मिळतील. पोहे तुमच्याकडच्यासारखेच, पण वरून काळ्या हरभऱ्यांचा झणझणीत रस्सा, त्यावर लाल तवंग, कच्चा कांदा, लिंबू. बरेच जण तवंगाचा रंग पाहून ठरवतात. तू हरभरा पाहा. एक दाणा दोन बोटांत दाब. साल सुटून आत लोण्यासारखा मऊ दबला, तर त्या माणसानं रात्री हरभरे भिजत घातले आणि पहाटे उठून शिजवले. दाणा कडक राहून सटकला, तर घाईचं काम आहे. मग पोह्यांकडे पाहा. चांगला ठेलेवाला एकदम ढीग करून ठेवत नाही, थोडे थोडे करतो आणि वाफेवर झाकून ठेवतो. "तर्री किती?" असं तो विचारेल. पहिल्यांदा "कमी" सांग. लाजू नकोस, इथं जन्मलेलेही कमी सांगतात.

आलूबोंडा घेणार असशील तर तेल पाहा. प्रयोगशाळेत मी आयुष्य तेल-ग्रीसच्या चाचण्यांत घालवलं, त्यामुळे या बाबतीत माझं ऐक. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल घट्ट होतं, त्यावर बारीक फेस राहतो, धूर लवकर निघतो आणि नाकात झोंबतो. ताज्या तेलातला बोंडा कागदावर ठेवला तर डाग पडतो, पण बोटं चिकट होत नाहीत. चिकट झाली तर पुढचा घास खाऊ नकोस. तळणाच्या तेलात पोलर घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. ठेल्यावर कोण मोजणार? तुझं नाक आणि तुझी बोटं.

आता रोजच्या जेवणाचं. तुला मेस नको, डबा हवा. डबा कोण देतं हे कुणाला विचारायचं, तर भाजीवालीला. तुझ्या भागात आठवड्याचा बाजार कोणत्या दिवशी भरतो ते घरमालकिणीला विचार. हे शहरच बाजारांवर वसलेलं आहे. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, ही वस्त्यांची नावं आहेत, आणि बाहेरच्या भागांतही आठवड्यातला एक दिवस बाजाराचा असतोच. संध्याकाळी जा. चार-चार किलो वांगी, दोन-दोन पेंड्या मेथी घेणारी, पण लग्नाची गडबड नसलेली बाई दिसली की ती डबेवाली समजायची. भाजीवालीला तिचं घरही माहीत असतं आणि ती निवडून घेते की उरलेलं स्वस्तात उचलते हेसुद्धा. मला माझी डबेवाली अशीच मिळाली, वांग्याच्या ढिगापाशी. तिनं प्रत्येक वांगं देठाकडून दाबून पाहिलं होतं.

तिच्या घरी एकदा जेवायच्या वेळेला जा आणि विचार, "तुमच्या घरी आज काय आहे?" डब्यात जे, तेच घरच्यांच्या ताटात असेल तर प्रश्न मिटला. महिन्याचे पैसे एकदम देऊ नकोस. आधी तीन दिवस, मग पंधरा दिवस. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदणीचा 14 अंकी क्रमांक आहे का, हेही विचार. विचारण्यात अपमान नाही, आणि जी बाई मनापासून करते ती अभिमानानं दाखवते.

एक मात्र मी अंगावर काढून शिकले आहे. हिंगण्याला असताना मे महिन्यात एका ठिकाणचा डबा सकाळी दहाला यायचा. मी तो टेबलाखाली ठेवून दुपारी तीनला खायची. एक दिवस भाताला किंचित आंबूस वास आला. वाया कशाला घालवायचा म्हणून खाल्ला, आणि दोन दिवस सलाइनवर काढले. डबा बनवणाऱ्यांचा दोष होता की माझा, ते आजही सांगता येत नाही, पण भाताचा गुण कळला. शिजलेल्या भातात काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात, आणि भात कोमट पडून राहिला की ते वाढून विष तयार करतात. पुन्हा गरम केलं तरी ते विष जात नाही. नागपूरचा मे महिना 45 अंशांना टेकतो. म्हणून उन्हाळ्यात डबा आल्यापासून दोन तासांत जेव, नाहीतर डब्यात पोळी-भाजी आणि कोरडी डाळच माग. भात संध्याकाळी स्वतः लाव. छोटा कुकर तुझ्याकडे आहेच.

सावजीबद्दल, म्हणजे इथल्या त्या झणझणीत मसालेदार जेवणाबद्दल, तू विचारलंस, आणि विचारताना जरा भ्यालीस असं वाटलं. भिऊ नकोस. पण पहिलं सावजी जेवण तुझ्या भागात करू नकोस. बाहेरच्या रस्त्यांवर दर अर्ध्या किलोमीटरला 'सावजी' अशी पाटी आहे, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ लाल तिखट आणि तेल एवढाच उरला आहे. आधी जिभेला खरं काय ते कळू दे. खापरीहून मेट्रोत बस, सीताबर्डीला गाडी बदल आणि चितार ओळीला उतर. मूर्तिकारांची ती ओळ, गणपतीच्या आधी गेलीस तर पाऊल ठेवायला जागा नसते. तिथून इतवारी-महालच्या गल्ल्यांत जुन्या खानावळी आहेत.

हे जेवण हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं. जमशेटजी टाटांनी 1877 साली इथं एम्प्रेस मिल सुरू केली. हातमागावर आणि पुढं गिरण्यांत राबणारी ही माणसं. दिवसभर धाग्यात उभं राहिलेल्या माणसाला रात्री असं जेवण लागायचं की घाम फुटून अंग मोकळं व्हावं. मागाची कामं आटली तशा घरातल्या बायकांनी चुली लोकांसाठी पेटवल्या. म्हणून सावजीला हॉटेल म्हणू नकोस. त्याला खानावळ म्हण.

खरा सावजी रस्सा लाल नसतो, काळपट असतो. काळी मिरी, लवंग, धणे, खसखस, दगडफूल, सुकं खोबरं, सगळं वेगवेगळं भाजून वाटलेलं. पूर्वी जवसाचं तेल वापरत. तिखट जिभेच्या टोकाला लागत नाही. पहिला घास तर निवांत जातो. तिसऱ्या-चौथ्या घासाला घशात, कानामागं ऊब चढते आणि मग डोक्यावर घाम येतो. ज्या रस्स्यानं पहिल्याच घासाला जीभ पोळते तो मिरचीपुडीचा आहे, मसाल्याचा नाही. हा फरक एकदा कळला की बेलतरोडीच्या वीस पाट्यांतून तुझी एक पाटी तुला आपोआप सापडेल. तू मटण खात नाहीस ना? मग डाळकांदा माग. हरभऱ्याची डाळ आणि कांदा त्याच काळ्या मसाल्यात. किंवा पाटवडी रस्सा. सोबत ज्वारीची भाकर. इथं भाकरीला भाकर म्हणतात, आणि तुला ती पातळ वाटेल, पण रस्सा शोषून घ्यायला ती तशीच हवी.

एकटी मुलगी म्हणून संकोच वाटेल. मलाही वाटायचा. अशा खानावळीत दुपारी बारा-साडेबाराला जा. तेव्हा गर्दी नसते, रस्सा नुकताच उतरलेला असतो, आणि चुलीपाशी घरची बाई स्वतः असते. तिच्याशी दोन शब्द बोल. दुसऱ्यांदा जाशील तेव्हा तीच तुला भिंतीकडची जागा देईल. रात्री जायचं असेल तर स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा ने आणि बांधून आण. प्लास्टिकच्या पिशवीत ऊन ऊन तर्री घेऊ नकोस.

भाषेचंही थोडं सांगते, नाहीतर बाजारात घोटाळा होईल. सांबार मागितलास तर तुला कोथिंबिरीची जुडी मिळेल. शेंगदाणे म्हणजे फल्ली, बटाटा म्हणजे आलू, शेवग्याच्या शेंगा म्हणजे मुंगण्याच्या शेंगा, आणि लाल भोपळ्याला कोहळं. हिवाळ्यात सांबारवडी येते, ती चुकवू नकोस. कोथिंबिरीचं सारण मैद्या-बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळून तळतात. ती फक्त थंडीतच चांगली, कारण तेव्हा सांबार स्वस्त आणि कोवळा असतो. त्याच दिवसांत तुरीचे हिरवे दाणे, म्हणजे सोले, येतात. डबेवालीला सोले-वांगे करायला सांग, तिला आनंदच होईल. पावसाळ्यात तरोटा आणि काटवलं या रानभाज्या घेऊन बायका रस्त्याच्या कडेला बसतात. उन्हाळ्यात आमरसाबरोबर सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या कणकेच्या गुंडाळ्या, मिळाले तर समज की तू कुणाच्या तरी घरची झालीस, कारण ते विकत क्वचितच मिळतात.

आणि शेवटी ती गोष्ट, जिच्यासाठी मी आजही वाट वाकडी करते. मातीचं मडकं विस्तवावर उपडं ठेवून त्यावर भाजलेली लांब रोटी. बाहेरच्या रस्त्यांवर काही बायका संध्याकाळी ही चूल मांडतात. एकदा उभी राहून पाहा. कणीक इतकी सैल असते की ती परातीतून उचलली की ओघळायला लागते. बाई ती आपटून आपटून रबरासारखी करते, मग एक गोळा दोन्ही हातांवर घेते आणि कोपरापर्यंत झुलवत ताणत नेते. रोटी तिच्या हातांवर साडीच्या पदरासारखी पसरते, आरपार उजेड दिसतो. एका झटक्यात ती मडक्यावर टाकते. अर्ध्या मिनिटात फुगे येतात, कडा सुटतात. ती हाताला भाजत नाही असं आपल्याला वाटतं. तिचे हात पाहिलेस की कळेल, भाजतं. म्हणून दर विचारताना घासाघीस करू नकोस.

रविवारी दुपारी माझ्याकडे ये. आपण दोघी मिळून तुझ्या भागात फिरू. वर्धा रोडपासून बेसा चौकापर्यंत मी गेल्या सहा महिन्यांत फिरलेली नाही, काय काय नवं लागलं आहे ते मलाही पाहायचं आहे.

तुझी,
मावशी

ता. क. लांब रोटी हवी असेल तर चारच्या आधी सांगून ठेवावं लागतं. कणीक ती तेव्हाच भिजवते, आणि सात वाजता चूल विझते.