टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करायच्या क्लबात तीन वर्षं झाली, आता जावंसं वाटत नाही. जुलैपासून अध्यक्षपद घ्या म्हणतायत. घ्यावं की क्लबच सोडावा?

घेऊ नका. हे तुम्हाला तुमच्या क्लबातलं कोणी सांगणार नाही, कारण मे-जून आला की प्रत्येक क्लबाला एक बकरा हवाच असतो. तुम्ही लिहिलंय, "भाषणाची भीती गेली, आता तेच तेच वाटतं, आणि सगळे म्हणतात की इतकं शिकलात, आता क्लबासाठी काहीतरी करा." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य मीही ऐकलंय, तेही टपरीवर उभं राहून, चढ्या आवाजात.

मी मूळची सांगलीची. शाळेत वक्तृत्व स्पर्धा म्हटली की बाईंच्या यादीत माझं नाव आधी. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग" पासून "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" पर्यंत सगळं घोटलेलं, हातवारेसुद्धा बाईंनी बसवून दिलेले. नोकरीला पुण्यात आले आणि कंपनीच्या क्लबात पहिलं भाषण केलं. आइसब्रेकर, चार ते सहा मिनिटं, स्वतःबद्दल. मला वाटलं, मैदान मारलं. माझ्या इव्हॅल्युएटर, म्हणजे भाषण ऐकून ते कसं झालं हे सांगणाऱ्या, होत्या अकाउंट्समधल्या एक अबोल बाई. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आवाज खणखणीत आहे. पण समोर आम्ही बाराच जण आहोत, आणि या खोलीला दार आहे." सगळे हसले. मी आठवडाभर धुमसत होते. बोलण्याबद्दल इतकं कामाचं मला आजपर्यंत दुसऱ्या कोणीही सांगितलेलं नाही.

क्लब आहे तो एवढ्यासाठीच. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी वायएमसीएच्या तळघरात राल्फ स्मेडलींनी पहिली सभा घेतली, तेव्हापासून यात पगारी मास्तर नाही. तुम्ही बोलायचं आणि तुमच्यासारख्याच कोणीतरी दोन-तीन मिनिटांत सांगायचं की काय पोचलं आणि काय नाही. आपल्या पुण्यात व्याख्यानांना तोटा नाही, वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू आहे. पण व्याख्यान संपल्यावर वक्त्याला "तुमचं मधलं वीस मिनिटांचं पाल्हाळ नको होतं" असं तोंडावर कोणी सांगतं का? "छान झालं" म्हणतात आणि चपला शोधायला लागतात. ऐकणाऱ्याने जबाबदारीने ऐकायचं ही सवय मला क्लबाने लावली, आणि क्लबातली पदं नेमकी त्याच सवयीच्या मुळावर उठतात. कशी, ते सांगते.

ही पाथवेज हा आताचा अभ्यासक्रम यायच्या आधीची गोष्ट, तेव्हा दहा भाषणांचं मॅन्युअल होतं. दहाही झाली की सभासद सीसी (कॉम्पिटंट कम्युनिकेटर) व्हायचा, आणि असे दोन सीसी झाले की क्लबाच्या खात्यात एक पॉइंट पडायचा. वर्षाला अशी दहा उद्दिष्टं, त्यातली पाच झाली आणि सभासदसंख्या नीट असली की क्लब 'डिस्टिंग्विश्ड'. मग बॅनरला लावायला एक रिबन येते. त्या रिबनीसाठी जून महिन्यात माणसं जे काही करतात ते बघून कोणालाही वाटेल की क्लब विधानसभेला उभा आहे.

त्या वर्षी आमचे चार पॉइंट झाले होते. पाचव्याला एक सीसी कमी होता, तो माझ्या मेंटीकडून, म्हणजे क्लबाने माझ्या हाताखाली दिलेल्या नवख्याकडून, येणार होता. मुलगा बीडकडचा, सपोर्ट टीममधला, कायम नाइट शिफ्ट. क्लायंटशी इंग्रजीत बोलताना ततपप होते म्हणून क्लबात आला होता. आठ भाषणं त्याने अगदी मनापासून, रडतखडत का होईना, केली होती. दोन राहिली होती आणि ३० जून, म्हणजे क्लबाच्या वर्षाचा शेवटचा दिवस, दोन दिवसांवर. आमचे व्हीपी एज्युकेशन, म्हणजे भाषणांचं वेळापत्रक बघणारे उपाध्यक्ष, त्यांना आपण 'सर' म्हणू, त्यांनी फर्मान काढलं: गुरुवारी नववं, शुक्रवारी जादा सभा लावून दहावं. शुक्रवारची इव्हॅल्युएटर मी.

दहावं भाषण म्हणजे 'इन्स्पायर युअर ऑडियन्स', आठ ते दहा मिनिटांचं. त्या दिवशी तो रात्रपाळी करून, दोन-तीन तास झोपून आला होता. खोलीत आम्ही सात जण, त्यातले दोघे लॅपटॉप उघडून बसलेले. त्याने सुरुवात केली: गरुड चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, खडकावर चोच आपटून मोडतो, मग नवी चोच येते आणि तो आणखी तीस वर्षं जगतो. तुम्हालाही आला असेल हा मेसेज. असं काही होत नाही, चोच मोडलेला गरुड उपाशी मरतो, पण ते सोडा. त्यानंतर एडिसन आला. मग बल्ब. मधे एकदा फोन काढून पुढचा परिच्छेद बघितला. टायमरने वेळ संपल्याचं लाल कार्ड दाखवायचा प्रश्नच आला नाही, आठ मिनिटं त्याने जेमतेम भरली.

मी उठायच्या आधी सर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "चांगलं बोल हं. पॉइंट आहे."

मी बोलले ते असं: "तुझी आठ भाषणं मी ऐकलीत, म्हणून सांगते. आजचं भाषण तुझं नव्हतं, फॉरवर्ड होतं. दहावं झालं असं तुला वाटतं का? मला नाही वाटत. झोप काढ, आणि पुन्हा कर." अडीच मिनिटांत बसले.

नियमाप्रमाणे सर सही करू शकत होते. भाषण झालं होतं, वेळेत झालं होतं, इव्हॅल्युएटरचं मत हे मतच असतं. त्यांनी मॅन्युअल पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं. तेव्हा तो मुलगाच म्हणाला, "सर, राहू द्या. मी परत करतो." सर म्हणाले, "परत कर ना हवं तर, आज सही घेऊन टाक." तो म्हणाला, "नको." आणि मॅन्युअल सॅकमध्ये घातलं.

रिबन गेली. खाली टपरीवर सर मला म्हणाले, "तुझ्या एका इव्हॅल्युएशनमुळे वर्षभराची मेहनत पाण्यात गेली. भाषणं काय, कोणीही ठोकतो. क्लब चालवणं हे खरं काम. पद न घेता नुसती येऊन बसणारी माणसं म्हणजे गिऱ्हाइकं." मी तेव्हा चहाचे पैसे देऊन निघून आले. उत्तर सुचलं नाही असं नाही, बस चुकली असती.

जुलैत त्याने दहावं भाषण पुन्हा केलं. आईच्या पिठाच्या गिरणीवर. लोडशेडिंगमुळे वीज रात्री यायची, कधी बारा, कधी दोन. बायका संध्याकाळीच डबे रांगेत लावून जायच्या आणि खुणेसाठी प्रत्येकीचं काहीतरी डब्यावर: फुटकी बांगडी, लुगड्याची चिंधी, एकीने तर लसणीचा गड्डा ठेवलेला. वीज आली की आई याला उठवायची. पण रांगेत आधी ज्वारी, मग गहू, मग परत ज्वारी असं चालत नाही, दगडात आधीचं पीठ उरलेलं असतं. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारीच दळायची. म्हणजे कोणाचा तरी नंबर मागे जाणार आणि सकाळी ती बाई भांडायला येणार. रोज रात्री रांग कशी मोडायची आणि सकाळी तिला काय सांगायचं, हे आई कशी ठरवायची, याच्यावर तो बोलला. बोलता बोलता त्याने उजवा हात पुढे केला, खालून पडणारं पीठ अंगठ्याने आणि बोटाने चोळून बघितलं, आणि डाव्या हाताने नसलेलं चाक किंचित आवळलं. इंग्रजी त्याचं तेच होतं, 'द' च्या जागी 'ध' आणि क्रियापदं इकडची तिकडे. पण अकाउंट्सच्या त्या अबोल बाई डोळे पुसत होत्या. पॉइंट पुढच्या वर्षात गेला.

मी मात्र सप्टेंबरच्या रिन्युअलला पैसे भरले नाहीत. कोणी विचारलंही नाही. खोटं कशाला, थोडं लागलं. पण त्या वर्षात सभेतली अर्धी वेळ 'पॉइंट किती, नवीन मेंबर किती, ऑफिसर ट्रेनिंगला कोण जाणार' यात जायला लागली होती, आणि चांगलं बोलणारी माणसं एकेक करून पदावर बसत होती. पदावर बसलं की माणूस भाषण ऐकायचं सोडतो. शेवटच्या बाकावर बसून पुढच्या आठवड्याचे रोल, म्हणजे सभेत कोण काय करणार, ते भरतो. बघा तुमच्या क्लबात, हमखास दिसेल.

मधली काही वर्षं क्लबाचं नाव काढलं नाही. २०२० मध्ये सगळे क्लब झूमवर गेले तेव्हा एका मैत्रिणीने गेस्ट म्हणून ओढलं. त्या दिवशी इव्हॅल्युएटर आलाच नाही, मला विचारलं, मी केलं, आणि बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. आता मी कोथरूडला कंपनीबाहेरच्या, सगळ्यांना खुल्या अशा एका क्लबात रविवारी सकाळी जाते. शाळेच्या वर्गात सभा, बाकं पोरांच्या मापाची, गुडघे वर येतात. भाषण वर्षातून एखादं. एरवी इव्हॅल्युएशन, नाहीतर टायमर. पद नाही. दर जूनला विचारतात, दर जूनला नाही म्हणते.

इव्हॅल्युएशनची स्पर्धा तुम्ही कधी केलीये? केली नसेल तर तुमच्या 'तेच तेच' वरचा उतारा तोच आहे. एक वक्ता भाषण करतो. स्पर्धक खोलीबाहेर जातात, पाच मिनिटं मिळतात, मग कागद काढून घेतात आणि आपला नंबर आला की हातात परत देतात. दोन-तीन मिनिटांत तुम्हाला त्या माणसाला असं काही सांगायचं असतं की तो घरी जाऊन पुढचं भाषण वेगळं करेल. पहिल्यांदा केली तेव्हा कळलं की आपण भाषण ऐकताना नुसते आपल्या पुढच्या भाषणाचा विचार करत असतो. कंटाळा येतो तो म्हणूनच, सारखा स्वतःचाच आवाज कानात असतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नापुरतं: पदाला नाही म्हणा. पुढचे सहा महिने भाषणाचा स्लॉट मागू नका, दर सभेला इव्हॅल्युएशन मागा. त्यानेही मन रमलं नाही तर खुशाल सोडा, त्यात कसली गद्दारी? केलेल्या कामाची नोंद राहते, पुढे परत यावंसं वाटलं तर नव्या सभासदाचे वीस डॉलरही पुन्हा भरावे लागत नाहीत. डीटीएम (डिस्टिंग्विश्ड टोस्टमास्टर, इथला सगळ्यात वरचा किताब) व्हायचं मनात असेल तर गोष्ट वेगळी. त्याला क्लबात आणि वर डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे अनेक क्लबांच्या विभागात, पद भूषवावंच लागतं, मग घ्या, पण ते आपल्यासाठी घेतलंय हे लक्षात ठेवा, सेवाबिवा म्हणू नका.

आणखी एक, हे आधी लिहायला हवं होतं. तुमच्या क्लबात माणसंच उरली नसतील, पैसे भरणारे आठसुद्धा होत नसतील, तर माझा वरचा सल्ला गुंडाळून ठेवा. क्लब बंद पडला तर इव्हॅल्युएशन भिंतीचं करणार का? आणि सरांबद्दल एवढं सांगायला हवं की दर गुरुवारी कॉन्फरन्स रूम तेच भांडून मिळवायचे, बाहेरच्या गेस्टचे गेटपास तेच काढायचे, ड्यूज, म्हणजे वर्गणीचे पैसे, कंपनीने भरावेत म्हणून एचआरच्या मागे तेच लागायचे. बॅनर त्यांच्या स्कूटरच्या पायाशी गुंडाळलेला असायचा. मी बारा जणांसमोर ओरडले ती खोली त्यांच्यामुळेच होती. तरीपण "गिऱ्हाईक" हा शब्द मी मान्य करत नाही. ज्या बाईंनी मला दाराची आठवण करून दिली त्या तिथे होत्या तेवढी वर्षं कुठल्याच पदावर नव्हत्या. सर हे वाचत असतील तर त्यांनी सांगावं, त्या गिऱ्हाईक होत्या का?

तो मुलगा आता दुसऱ्या एका क्लबाचा अध्यक्ष आहे. मला न विचारता झाला. सरांना त्याने ऑफिसर ट्रेनिंगला बोलावलं होतं म्हणे, दोघांचं चांगलं जमतं. मागे फोनवर म्हणाला, "मॅडम, सरांचंपण थोडं बरोबर होतं हो." मी विषय बदलला.

सोडायचंच ठरलं तर ट्रेझररला आत्ताच स्पष्ट सांगा. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सहा महिन्यांचे पंचेचाळीसचे साठ डॉलर झालेत, आणि "बघतो, कळवतो" म्हणणाऱ्या सभासदाचे पैसे बऱ्याच क्लबांत शेवटच्या रात्री ट्रेझरर स्वतःच्या खिशातून भरतो. मग ते मागायचे कसे, या पेचात तो बिचारा सहा महिने तुम्हाला टाळतो.